मातृवृक्ष आणि ध्वनिमुद्रिका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मलिहाबाद येथील आमराईत भरलेल्या स्नेहसंमेलनातील भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस ‘जुन्या ध्वनिमुद्रिकांचे नवे संस्करण’ हा विषय नेमून दिला आणि स्थळ ठरविले मलिहाबादचे. दशहरीच्या टोपल्या समोर मांडलेल्या असताना श्रोत्यांस व्याख्यानाची शिक्षा कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांनी विचारलाच. त्याला आमचे उत्तर एवढेच की, ज्या ध्वनिमुद्रिकेविषयी आज बोलावयाचे आहे तिचे मर्म समजून घेण्यास या गावाइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. तेव्हा आंब्यांना थोडा धीर धरू द्यावा, ही प्रारंभीच विनंती.

आंब्याची कोय पेरली तर झाड उगवते. परंतु ते आपल्या आईसारखे निपजेल याची शाश्वती नसते. दशहरीच्या कोयीपासून दशहरीच मिळेल असे नाही. कोकणात अशा कोयीच्या झाडाला आपण रायवळ म्हणतो. आईचाच गुण हवा असेल तर आईच्या अंगाची काडी घ्यावी लागते, ती दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधावी लागते आणि दोघांचा जीवरस एक होईपर्यंत वाट पाहावी लागते. यालाच कलम म्हणतात. येथून जवळच, काकोरीच्या परिसरात, दशहरी नावाचे खेडे आहे. तेथील एक पुरातन वृक्ष हा दशहरी आंब्याचा मूळ वृक्ष मानला जातो. त्याचे वय कोणी दोनशे वर्षे सांगतात, कोणी तीनशे. त्याच्या काडीची कलमे झाली, त्या कलमांची पुन्हा कलमे झाली. म्हणजे या तालुक्यात नजर पोहोचेल तेथवर दशहरीची जी झाडे उभी आहेत ती एका अर्थाने एकच झाड आहे.

या विद्येचे थोर साधक याच गावात आहेत. कलीमुल्ला खाँ यांनी एकाच वृक्षावर आंब्याच्या तीनशेहून अधिक जाती बांधल्या आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी एका आंब्याला सचिन तेंडुलकरांचे नाव दिले आहे, हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांची मान ताठ होईल. परंतु आपण ज्याला अस्सल मराठी चव म्हणतो त्या हापुसाची कथा याहून निराळी नाही. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमाची विद्या रुजली, ‘अफोंसो’चा आपल्या जिभेने ‘हापूस’ केला, आणि आज त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीमनीही नाही.

या बागेतून दोन गोष्टी बरोबर घेऊन आपण संगीताकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, दोन जिवंत झाडांचा सांधा जुळावा लागतो. एक जिवंत आणि एक केवळ शोभेचे असून चालत नाही. दुसरी गोष्ट अशी की, मातृवृक्ष जपावा लागतो.

१९६० नंतरच्या दशकात जगाच्या संगीतात असा कलमांचा हंगाम आला होता. १९६५ मध्ये बीटल्सच्या एका गीतात सतार वाजली. १९६६ मध्ये लंडनमध्ये कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी मिळून राग आणि जाझ यांची ‘इंडो-जाझ स्वीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. १९७० मध्ये ‘ट्रॅफिक’ या इंग्रजी रॉक वाद्यवृंदाची ‘जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय’ ही तबकडी आली. स्टीव्ह विनवुड, जिम कपाल्डी आणि ख्रिस वुड हे तिघेच तिचे कलावंत. तिच्यातील पहिली रचना शब्दांवाचून, जाझच्या वळणाने धावणारी. पुढच्या बहुतेक रचना रॉकच्या. आणि शीर्षकगीत मात्र काही शतकांपूर्वीचे इंग्रजी लोकगीत. बार्ली म्हणजे जव हे धान्यच त्या गीताचा नायक आहे. त्याला मातीत पुरतात, उगवल्यावर कापतात, झोडपतात, भरडतात. आणि अखेर मद्याच्या रूपाने तोच मारणाऱ्यांवर मात करतो. आपल्या शेतांवरील भलरीशी या गीताचे दूरचे नाते लागते. यंत्रयुगातील गिटार वाजविणाऱ्या तरुणांना स्वतःच्या देशातील शेतकऱ्याचे गाणे पुन्हा जवळचे वाटावे, ही त्या काळाची मोठी खूण होती. ही तबकडीही पुढे नव्याने संस्कारित होऊन एकाहून अधिक वेळा प्रसिद्ध झाली. मुळात तिच्यावर सहा रचना होत्या. नव्या आवृत्त्यांत आणखी रचनांची भर पडली.

आपल्या मुंबईतही हा वारा पोहोचला होता. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची ‘राग-जाझ स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका हिज मास्टर्स व्हॉइसने काढली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती अशा अकरा रागांवर आधारलेल्या रचना तिच्यावर आहेत. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, पियानोवर ल्युसिला पाशेको. वादकांची यादी वाचताना गोव्याकडील आडनावे ओळीने भेटतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील व्हायोलिनांचे आणि पितळी वाद्यांचे वैभव ज्यांच्या हातांनी उभे राहिले तीच ही मंडळी. ही ध्वनिमुद्रिका ऐकताना मौज वाटते, पाय ठेका धरतो. परंतु सांधा कोठे अवघड आहे हेही कानांस कळते. राग हा अचल षड्जावर उभा असतो. तंबोरा सारखा तेच स्थान सांगत राहतो. जाझचे संगीत बदलत्या स्वरसंघांवरून प्रवास करते. त्याची भूमीच सरकत असते. उत्स्फूर्त विस्तार हा दोघांचा समान गुण खरा, पण एकाचे घर स्थिर आणि दुसऱ्याचे चाकांवर. म्हणून तेथे सतार आणि सॅक्सोफोन एकमेकांना नमस्कार करतात, आळीपाळीने बोलतात, आणि बहुधा आपापल्या घरी परततात.

याच्या एक वर्ष आधी, १९६७ मध्ये, त्याच कंपनीने एक ध्वनिमुद्रिका काढली होती. तिचे नाव ‘कॉल ऑफ द व्हॅली’, म्हणजे ‘दरीची साद’. आमच्या आजच्या भाषणाचा खरा विषय ती आहे. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, वाद्यांच्या भाषेत सांगावा, अशी तिची कल्पना. पहाटेसाठी अहीर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस आणि अखेरीस पहाडी. वादक तिघे: संतुरावर शिवकुमार शर्मा, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची. तिन्ही वादक तेव्हा तिशीच्या आसपासचे होते.

ध्वनिमुद्रिकेचे निर्माते जी. एन. जोशी हे आपल्याला अधिक जवळचे. भावगीत हा शब्द उच्चारताच ज्यांची आठवण व्हावी अशा आरंभीच्या गायकांपैकी ते एक. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांच्याच आवाजात घराघरांत गेली. पुढे त्यांनी हिज मास्टर्स व्हॉइसमध्ये कित्येक वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम पाहिले. रानातल्या शिळेचे गाणे गाणाऱ्या माणसाने तीन दशकांनंतर दरीतल्या मेंढपाळाची कथा ध्वनिमुद्रित करावी, यात आम्हांस एक सुसंगती दिसते. रानातून येणाऱ्या सुराची ओढ या माणसाला तरुणपणापासूनच असली पाहिजे.

आता हे तिघे कोणत्या वाद्यांसह आले ते पाहण्यासारखे आहे. संतूर हे काश्मीरच्या सुफियाना संगीतातील वाद्य. रागसंगीताच्या मैफिलीत त्याला स्थान नव्हते. वडील उमादत्त शर्मा यांच्या इच्छेने शिवकुमारांनी ते हाती घेतले आणि १९५५ मध्ये मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात ते वाजविले, तेव्हा जाणकारांचा आक्षेप असा होता की, आघाताने वाजणाऱ्या तारांवर मींड निघणार कशी? स्वर उमटतो आणि विरतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे त्याला साधणार नाही. शिवकुमारांनी वाद्याच्या तारांची जुळणी बदलली, ते मांडीवर घेतले आणि तारेवरून काडी हलकेच सरकवून नाद लांबविण्याची युक्ती शोधली. अक्रोडाच्या लाकडाच्या या काड्यांना कलम म्हणतात. मलिहाबादच्या माळ्याच्या शब्दकोशात आणि संतूरवादकाच्या शब्दकोशात एकच शब्द असावा, हा योगायोग आम्हांस फार गोड वाटला.

गिटार तर सर्वस्वी परदेशी. काब्रांनी ती आडवी मांडीवर घेतली, तारांवरून पोलादी तुकडा फिरविण्याची हवाईयन पद्धत स्वीकारली आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्या तालमीतून मिळालेले रागांचे ज्ञान तिच्यावर आणले. बासरी आपल्या देशाची, परंतु गुराख्याच्या ओठांची. पन्नालाल घोष यांनी तिला मैफिलीत मानाचे आसन मिळवून दिले, त्याला तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. तिचे नवे वारस हरिप्रसाद हे आपल्या या प्रांतातले, अलाहाबादचे. पहिलवानाच्या घरात जन्मलेले.

म्हणजे एक डोंगरातले, एक परदेशातले आणि एक रानातले, अशी तीन उपरी वाद्ये रागसंगीताच्या दारात उभी होती. असे असूनही ही ध्वनिमुद्रिका ऐकताना जोड दिसत नाही, याचे कारण काय असावे? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे कारण दुहेरी आहे. पहिले असे की, येथे खुंट एकच आहे आणि तो राग आहे. तिघांनी आपापल्या वाद्याला रागाचा रस शोषावयास लावले. दुसरे असे की, प्रत्येकाची उणीव दुसरा भरून काढतो. संतुराचा स्वर दवबिंदूसारखा उमटून विरतो. तो विरत असतानाच गिटारची लांब, वळणदार रेघ तो उचलून घेते. आणि या दोन तंतुवाद्यांना जो श्वास नाही तो बासरी पुरविते. ‘माझे ऐका’ असा हट्ट कोणी धरीत नाही. कलम बांधल्यावर खुंटाला खालून स्वतःचे फुटवे येऊ लागतात. माळी ते वेळच्या वेळी खुडतो, नाहीतर वरची काडी उपाशी मरते. या तिघांनी आपापल्या कसबाचे फुटवे स्वतःच्या हाताने खुडलेले आहेत. एकट्याच्या मैफिलीत जी चमत्कृती शोभली असती ती येथे गाळली आहे. त्यामुळेच रागदारीची ओळख नसलेल्या परदेशी श्रोत्यांनीही ही ध्वनिमुद्रिका आपली मानली. जॉर्ज हॅरिसन यांच्यासारखे रॉक संगीतातील कलावंत तिचे चाहते होते, असे सांगितले जाते. एवढे मात्र खरे की, साठ वर्षे होत आली तरी ती आजही ऐकली जाते.

हा विषय लखनौच्या मराठी माणसाला परका नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १९२६ मध्ये याच शहरात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज सुरू झाले. मुंबईचा एक मराठी वकील, गावोगावच्या उस्तादांकडून मिनतवारीने चिजा मिळविणारा. त्याने आपल्या आयुष्याचा ठेवा रुजविण्यासाठी भूमी निवडली ती अवधची. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्या विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. त्यांच्याकडे शिकलेले विष्णु गोविंद जोग याच विद्यालयात व्हायोलिन शिकवीत होते. व्हायोलिन हे युरोपाचे वाद्य. परंतु पुढे जोगांनी बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईबरोबर जी जुगलबंदी केली ती ऐकताना ते युरोपाचे आहे, असे कोणाच्या मनात येत नाही. उलट दिशेची कथाही आहे. याच मलिहाबादचे शायर जोश मलिहाबादी (१८९८–१९८२) हे १९४० नंतरच्या दशकात पुण्याच्या शालीमार पिक्चर्समध्ये गीते लिहिण्यासाठी जाऊन राहिले होते. आपण पुण्या-मुंबईहून, कोकण-विदर्भातून येथे आलो, आणि येथील माणूस पुण्याला गेला. माणसांची कलमे अशी दोन्हीकडून होत असतात.

येथवर पहिली गोष्ट झाली, सांध्याची. आता दुसरी, मातृवृक्षाची.

ध्वनिमुद्रिका कशी तयार होत असे हे आपल्यापैकी तरुणांना ठाऊक असण्याचे कारण नाही. कलावंतांचे वादन प्रथम चुंबकीय फितीवर उतरवीत. ध्वनिमुद्रणाचे सर्व संस्कार झाल्यावर जी अंतिम फीत तयार होई ती मास्टर. तिच्यावरून लाखेसारखा मऊ लेप असलेल्या तबकडीवर चर कोरीत. त्या तबकडीवर धातूचा थर चढवून एक उलटा साचा काढीत. त्या साच्यावरून पुन्हा एक सुलटी धातूची तबकडी घडवीत. कारखान्याच्या भाषेत या सुलट्या तबकडीला ‘मदर’ म्हणतात. तिच्यापासून ठसे आणि ठशांपासून आपल्या घरातील तबकड्या. शब्द पाहा: कारखान्यातही मूळ प्रतीला आईच म्हणावेसे वाटले!

आता ‘रिमास्टर’ म्हणजे काय, तर मधल्या सर्व प्रती बाजूला सारून पुन्हा त्या मूळ फितीकडे जाणे आणि आजच्या साधनांनी तिच्यातून पूर्वीपेक्षा अधिक काही मिळते का ते पाहणे. यात कलावंत पुन्हा वाजवीत नाहीत. फितीची ओळ यंत्राशी नीट जुळवितात, तिचा वेग तपासतात, खरखर कमी करतात, मंद्र आणि तार स्वरांचा तोल सुधारतात. उत्तम संस्करण झाले तर काचेवरची धूळ पुसल्यासारखे वाटते. संतुराच्या तारेवर काडी टेकल्याचा सूक्ष्म आवाज, बासरीत फुंकर शिरण्यापूर्वीचा श्वास, तबल्याच्या शाईवरील बोटाचा स्पर्श, हे सारे ऐकू येऊ लागते.

परंतु याच कामात मोठा धोकाही असतो. फितीची जी मंद सळसळ आपण घालवू पाहतो ती उंच कंपनांची असते. आणि संतुराच्या तारांची झिणझिणती प्रभाही त्याच प्रदेशात वसते. एकीवर कुऱ्हाड चालविली की दुसरीच्या फांद्या तुटतात. दुसरा मोह आवाज मोठा करण्याचा. अलीकडच्या अनेक नव्या आवृत्त्यांत हळू भाग उचलून मोठ्या भागाच्या बरोबरीस आणण्याची रीत पडली आहे, कारण गाडीत किंवा रस्त्यावर ऐकताना हळू स्वर हरवतात. आता मेंढपाळाच्या दिवसाचा विचार करा. पहाटेचा अहीर भैरव जर दुपारइतक्याच मोठ्या आवाजात उगवला तर त्याला पहाट कोण म्हणेल? तिसरा मोह भर घालण्याचा. सीडीवर जागा अधिक असते म्हणून ‘कॉल ऑफ द व्हॅली’च्या मूळ पाच रचनांपुढे पुढील काळात त्याच कलावंतांच्या आणखी काही रचना जोडण्यात आल्या. त्या रचना सुरेख आहेत. परंतु पहाडीने रात्र झाली, मेंढपाळ निजला, आणि मग पुन्हा वादन सुरू! आपल्याकडे ताकभात झाल्यावर पानात कोणी पुन्हा मसालेभात वाढीत नाही. कितीही चांगला असला तरी.

तेव्हा उत्तम संस्कारकर्त्याचा धर्म आमच्या मते असा: प्रथम मूळ फितीची एक जशीच्या तशी प्रत करून ठेवावी, तिच्यातील खरखरीसह, दोषांसह, आणि मग जे काही शुद्धीकरण करावयाचे ते दुसऱ्या प्रतीवर करावे. चव आवडली नाही तर परतीची वाट मोकळी राहिली पाहिजे. पुढच्या पिढीचे कान आणि साधने आपल्यापेक्षा चांगली असू शकतात.

येथे कलम आणि फीत यांतील एक महत्त्वाचा भेद सांगावयास हवा, कारण आमच्या भाषणाचा सारा रोख त्यावर आहे. कलमाचे कलम, त्याचे पुन्हा कलम, असे शंभर वेळा केले तरी दशहरी दशहरीच राहतो. फितीचे तसे नाही. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी प्रत काढीत गेलो की प्रत्येक पिढीत सळसळ वाढते आणि स्वर झिजतो. त्याहून वाईट असे की, मूळ फीत कपाटात नुसती पडून राहिली तरी ती म्हातारी होते. तिच्यावरील चुंबकीय कणांना धरून ठेवणारा लेप दमटपणाने सुटू लागतो, बुरशी येते, शेजारच्या वेढ्याचा आवाज अंधूकसा उमटतो. संगणकावर केलेली प्रत मात्र पुन्हा कलमासारखी असते. तिची दहावी नक्कल पहिलीइतकीच निर्मळ. म्हणून फितीवरून संगणकावर जाण्याचे काम एकदाच, मुळावरूनच आणि वेळेत झाले पाहिजे. ती वेळ टळली की पुढचे सारे तंत्रज्ञान हात चोळीत बसते.

आणि आता मंडळाच्या कपाटाविषयी.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. त्या पन्नास वर्षांतील पहिली पंचवीस फितींची होती. दप्तराच्या लाकडी कपाटात, इतिवृत्तांच्या वह्यांखाली, बुटांच्या एका खोक्यात कॅसेट्स आहेत आणि त्यांच्याबरोबर दोन-तीन मोठे स्पूल. गणेशोत्सवातील नाट्यप्रवेश, कोजागरीची गाणी, पाहुण्यांची व्याख्याने, मुलांच्या श्लोकपठणाच्या स्पर्धा. एका कॅसेटवर मंगळागौरीची गाणी आणि ओव्या आहेत. ज्या पाच-सहा भगिनींचा तो आवाज, त्यांपैकी आज कोणीही हयात नाही. त्यांनी म्हटलेल्या ओव्यांपैकी काही आम्हांस कोणत्याही छापील संग्रहात आढळल्या नाहीत. मराठवाड्यातील, खानदेशातील, तळकोकणातील बायका लखनौच्या एका घरात जमल्या आणि प्रत्येकीने आपल्या आजीची चाल आणली. एकीने आरंभ करावा, दुसरीने शब्द बदलावा, तिसरीने ठेका निराळा धरावा, आणि दोन फेऱ्यांत सर्वांचे एकच गाणे व्हावे. या मंडळींना कोणी निर्माता नव्हता, कोणी रागाचे नाव सांगितले नव्हते. तरी ‘कॉल ऑफ द व्हॅली’त जे घडले तेच त्या ओट्यावर घडले. ते गाणे या भूमीवर झालेले मराठी कलम आहे आणि त्याचा मातृवृक्ष त्या बुटांच्या खोक्यात आहे.

त्या कॅसेटवर गाण्यांच्या मागे कुकरची शिट्टी वाजते, एक तान्हे मूल रडते, रस्त्यावरून फेरीवाला अवधी लयीत आरोळी देत जातो. शुद्धीकरणाचा उत्साह असलेला कोणी तरुण हे सर्व पुसून टाकील आणि आपल्याला ‘स्वच्छ’ ओव्या ऐकवील, अशी आम्हांस भीती वाटते. त्याने तसे जरूर करावे, परंतु दुसऱ्या प्रतीवर. ते रडणारे मूल आज आपल्यात आजोबा होऊन बसलेले असेल. ती आरोळी काढली तर गाणे कोठले तेच कळणार नाही. ते कोणत्याही गावचे होईल.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चार गोष्टी कार्यकारिणीपुढे ठेवतो. पहिली: घरोघरच्या कॅसेट्स आणि स्पूल यांची सूची येत्या गणेशोत्सवापूर्वी करावी. कॅसेटच्या कडेच्या दोन लहान पट्ट्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. आणि ती उन्हापासून, ओलीपासून, ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवावी. दुसरी: जाणत्या तंत्रज्ञाकडून प्रत्येक फितीची एक पूर्ण, अस्पर्श प्रत करावी आणि तिच्या नकला निदान तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मूळ फीत टाकू नये. तिसरी: प्रत्येक प्रतीबरोबर तारीख, जागा, बोलणाऱ्या-गाणाऱ्यांची नावे देवनागरीत लिहावीत. ती नावे आवाजावरून ओळखू शकतील अशी माणसे आज आपल्यात थोडीच उरली आहेत. हे काम फितीपेक्षाही निकडीचे आहे. चौथी: ज्यांच्याजवळ अजून गाणी आहेत, गोष्टी आहेत, माहेरची बोली आहे, त्यांचे ध्वनिमुद्रण आताच करावे. त्याला आता मोठी यंत्रे लागत नाहीत. खिशातला फोन, बंद केलेला पंखा आणि तासभर निवांत ऐकणारा नातू पुरे.

या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आपल्या घरांतून मराठीची स्थिती काय आहे हे आपण जाणतोच. आजीची मराठी पहिली प्रत, आईची दुसरी, मुलांच्या तोंडी जी आहे ती तिसरी, थोडी झिजलेली, थोडी हिंदीच्या सळसळीची. यात मुलांचा दोष नाही. प्रतीवरून प्रत काढली की असे होतेच. परंतु मूळ आवाज जपलेला असेल तर चौथ्या पिढीतील एखादी मुलगी, मग ती ऑस्टिनमध्ये असो वा ऑकलंडमध्ये, मधल्या साऱ्या झिजलेल्या प्रती ओलांडून थेट त्याच्यापर्यंत जाऊ शकेल. पणजीने ‘ळ’ कसा उच्चारला, ओवीच्या तिसऱ्या चरणावर श्वास कोठे घेतला, हे तिला पुस्तकावरून कळणार नाही. ते ऐकावेच लागेल. तिने ते ऐकून पुढे स्वतःच्या गिटारवर काय करावे हे ठरविण्याचा अधिकार आपला नाही. कदाचित ती त्यात जाझ मिसळील, कदाचित रॉक. काही जुळेल, काही वाळून जाईल. आपले काम एवढेच की, तिला काडी घेण्यासाठी मूळ झाड उभे असले पाहिजे.

कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे आहे. सूची करण्याच्या कामासाठी दोन तरुण सभासदांची नावे आजच्या आज मिळावीत, अशी विनंती आहे.